पाण्याच्या मागे मागे, गुहागरपर्यंत

आमच्या भागातून एक रस्ता जातो. सरकारदप्तरी तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई आहे. पण या नावानं चौकशी केलीत तर कराडच्या स्टँडवर कुणी वाट दाखवायचं नाही. 'गुहागर-विजापूर रस्ता' म्हणा, शेंबडं पोरही सांगेल. विजापूरहून निघालेला हा रस्ता जत, विटा, कराड, पाटण, कोयनानगर अशी गावं घेत कुंभार्ली घाट उतरतो, चिपळूण ओलांडतो आणि थेट समुद्राच्या तोंडाशी जाऊन संपतो. जतला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोयनानगरला पाच हजारांच्या घरात, गुहागरला तीन हजारांच्या पुढे. एवढा फरक एकाच डांबरी पट्टीवर महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हा रस्ता आम्ही चौघांनी आयुष्यभर तुकड्यातुकड्यांनी वापरला. कुणी लग्नाला, कुणी बदलीच्या गावी, कुणी दवाखान्यात. समुद्रापर्यंत चौघे मिळून मात्र कधी गेलो नव्हतो. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात एकत्र होतो. आडनावं निरनिराळी, पण गावांवरून पडलेली नावं अजून टिकून आहेत. एक जतकर, एक मिरजकर, एक कोयनेकर आणि प्रस्तुत लेखक म्हणजे कराडकर. गेल्या दोन वर्षांत चौघेही निवृत्त झालो. मिरजकराच्या मुलीनं बाबांना निवृत्तीची भेट म्हणून तंबू दिला, चार माणसं झोपतील असा. "शाल-श्रीफळापेक्षा बरं," मिरजकर म्हणाला. आमच्या घरात मात्र या तंबूचं स्वागत निराळं झालं. "घरी पंखा एकच्या ऐवजी दोनवर असला तर तुम्हाला झोप लागत नाही, आणि आता वाळूत झोपणार?" हा प्रश्न रास्त होता. साठीपर्यंत आमच्यापैकी एकानंही कधी तंबूत रात्र काढली नव्हती.

कुठं जायचं ते कोयनेकरानं ठरवलं. "हॉटेल नाही, पॉइंट नाहीत. पाण्याच्या मागे जायचं," एवढंच तो म्हणाला.

पौषातली पहाट होती. जतकर आणि मिरजकर आदल्या रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला आले होते. सहाला बोलेरोत सामान भरलं आणि आधी प्रीतिसंगमावर गेलो. महाबळेश्वरच्या डोंगरात उगवलेल्या कृष्णा आणि कोयना इथं अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेची वाट धरतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथंच आहे. कृष्णेची गंमत अशी की, जिथं ती उगवते तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटरवर. पण ती पाठ फिरवते आणि कराड, सांगली, नरसोबाची वाडी करत सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेचंही सगळं पाणी पूर्वी तिच्याबरोबरच जायचं. आता तिच्या पाण्याचे दोन वाटे झाले आहेत, आणि आम्ही निघालो होतो ते पश्चिमेच्या वाट्यामागे.

पाटण मागे पडलं तसा कोयनेकर गप्प झाला. कोयना धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि १९६४ साली पूर्ण झालं. भिंत १०३ मीटर उंच, साठा १०५ टीएमसीचा. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटरांहून अधिक, म्हणजे आपल्या हंडा-कळशीच्या हिशेबापलीकडचं पाणी. या शिवसागर जलाशयासाठी शंभरच्या आसपास गावांना उठावं लागलं. त्यातलं एक कोयनेकराचं. त्यानं ते कधी पाहिलंच नाही, कारण त्याचा जन्म गाव बुडाल्यानंतरचा. त्याच्या वडिलांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली होती. डोंगरातला माणूस त्या सपाटीवर रमेना. दोन वर्षांत ते परत आले आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, नातेवाइकांच्या रानात, कुडाचं घर बांधून राहिले. तिथंच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला. कोयनेकर तेव्हा दोन वर्षांचा. आईनं गोधडीसकट उचलून त्याला अंगणात आणलं. दगडी भिंतींच्या घरांत त्या पहाटे पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. यांचं घर कुडाचं होतं, म्हणून ही मंडळी वाचली. विस्थापितानं गरिबीत बांधलेलं घर असं उपयोगी पडलं.

कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरणाची भिंत छान दिसते. सहलीची मुलं फोटो काढत होती. कोयनेकर गाडीतून उतरलाच नाही. "भिंत बघायला बाग केलीय. आमचं गाव भिंतीच्या मागं, ते बघायला वाटच नाही," म्हणाला. एका कडक उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं तेव्हा त्याचे वडील होडीनं जाऊन आले होते. देवळाचा चौथरा दिसला म्हणे. त्यावर नारळ ठेवून आले.

घाटमाथ्यावर चहा घेतला. पुढ्यात कोकण पसरलेलं आणि आमच्या पायाखाली, डोंगराच्या पोटात, पाणी पळत होतं. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन साडेचारशे मीटरांहून जास्त खाली सोडतात. पोफळीचं वीजघर जमिनीच्या पोटात आहे. तिथं १९६२ पासून वीज होते. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा एकदा खाली सोडतात, पुन्हा वीज. १९९९ च्या मार्चमध्ये चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाला खालून बोगद्यानं भोक पाडलं, ते 'लेक टॅपिंग' ऐकून तुम्हाला आठवत असेल. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. या कामातून मोकळं झालेलं पाणी म्हणजे 'अवजल'. ते वाशिष्ठीत जातं. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायला जी मर्यादा घातली ती साडेसदुसष्ट टीएमसीची, म्हणजे धरण भरलं तर त्यातला निम्म्याहून जास्त वाटा.

चिपळुणात पौष महिन्यातही वाशिष्ठी भरलेली होती. जतकर पुलावर बराच वेळ उभा राहिला. त्याच्या गावचा ओढा दिवाळीतच कोरडा पडतो. "हे सगळं आपलंच पाणी का रे?" त्यानं विचारलं. सगळं नाही, पण पावसाळा सरल्यावर नदी अशी वाहती राहते ती मुख्यतः अवजलामुळं. मिरजकराचं लक्ष दुसरीकडे होतं. तो पुलाजवळच्या दुकानांच्या भिंती न्याहाळत होता. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्याच्या खुणा तो शोधत होता. सांगली-मिरजेच्या माणसाला ही सवय लागली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी 'कसे आहात' विचारत नाही. 'किती फूट झालं?' विचारतात. म्हणजे आयर्विन पुलाखाली. २००५ चा पूर मोठा वाटला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि मिरजकराच्या बहिणीचं सांगलीतलं घर आठ दिवस पाण्यात राहिलं. आता गंमत पाहा. एका मित्राचं गाव पाण्यात गेलं, दुसऱ्याच्या बहिणीचं घर पाण्यात गेलं आणि तिसऱ्याच्या गावाला पाणी मिळत नाही. तिघे एकाच गाडीत. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून भांडत होते.

चार वाजता अंजनवेलला पोहोचलो. गोपाळगडाच्या कडेला उभं राहिलं की वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळताना दिसते, पलीकडे दाभोळ. जवळच तो वीजप्रकल्प, ज्यावरून १९९० च्या दशकात सगळा महाराष्ट्र भांडला. आम्ही त्याच्याकडे फार पाहिलं नाही. खाडीचं पाणी मातकट हिरवं, समुद्राचं निळसर, मधे एक वाकडी रेघ. पाण्याचा प्रवास इथं संपत होता.

जतकरानं इथं तोंड उघडलं. तो तावातावानं बोलणारा माणूस नाही, कारकुनीत आयुष्य गेलेलं. म्हणाला, "हिशेब नीट ऐका. पाणी साडेचारशे मीटर खाली टाकून वीज करायची. आणि आमच्याकडं म्हैसाळला, टेंभूला तीच वीज लावून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवायचं. वीजबिल थकलं की पंप बंद. सरकारनं ८१ टक्के भरायचं, शेतकऱ्यानं १९, असं ठरलं तेव्हा कुठं जरा श्वास आला. मग हे पाणी इकडं टाकायचंच कशाला?"

मिरजकर म्हणाला, "मग वीज कुठनं आणणार? कोळसा जाळून?" संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात तेव्हा विजेची मागणी एकदम वाढते. त्या वेळी मिनिटांत सुरू करता येतील अशी यंत्रं पाण्याचीच, हे त्याचं म्हणणं. आणि कोयनेतून पूर्वेकडे सोडलेलं पाणीही म्हैसाळ-टेंभूच्या पंपांपर्यंत येतंच. दोघांचंही खरं होतं. माझं मत विचाराल तर जतकराचा हिशेब अजून कुणी पुरता फेडलेला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांची गोष्ट काढली, तेव्हा आपल्याकडे अस्मितेची भाषणं झाली. त्या गावांनी दहा वर्षांपूर्वी ठराव केला होता तो पाण्यासाठी, हे भाषणांत मागेच राहिलं. कोयनेकरानं या वादात भाग घेतला नाही. "अंधार पडायच्या आत तंबू लावायचाय," म्हणाला.

गुहागरला समुद्रालगत एका ओळखीच्या ओळखीची वाडी होती. मालक ऐंशीच्या पुढचे, कमरेला पंचा, हातात कोयता. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. मिरजकराचा बेत अगदी किनाऱ्यावर, पाण्याजवळ झोपण्याचा. काकांनी मान हलवली.

"तुम्ही घाटावरचे ना? मग सांगतो. एक, वाळूवर नको. थंडीत कासवं येतात अंडी घालायला. बॅटरी मारलीत, माणसं हिंडली, की ती परत फिरतात. दोन, माडाखाली नको. नारळ काही विचारून पडत नाही. त्या सुरूपाशी लावा. आज तिथी कुठली?"

"त्रयोदशी," आम्ही एकदम म्हणालो. तिथी आम्हीही पाहतो. पण ती उपासासाठी.

"तेराला पाऊणानं गुणा."

पाऊणकी आमच्या आईवडिलांच्या पिढीनं पाठ केलेली. आम्हाला बोटं मोडावी लागली. पावणेदहा. "म्हणजे पावणेदहाला पूर्ण भरती. रात्री आणि सकाळीही, मागेपुढे थोडी. पुनव जवळ आली, आता उधाण. अष्टमीला असतात तर भांगाची भरती, पाणी तिथंच घुटमळलं असतं." पंचांगात समुद्राचं वेळापत्रक असतं हे आम्हा चौघांना साठीनंतर कळलं.

तंबू लावणं हा एक वेगळाच विषय आहे. वाडीची जमीन वाळूचीच. खुंटी ठोकली की बसते, आणि दोरी ताणली की लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. काकांच्या नातवानं उपाय सांगितला. पिशव्यांत वाळू भरायची, दोरी पिशवीच्या गळ्याला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. भडंगाच्या, भाकरीच्या, सगळ्या पिशव्या रिकाम्या करून कामी आल्या. दोऱ्या मिरजकरानं ताणल्या. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. एकेक दोरी बोटानं छेडून, कान लावून, तो पुढच्या दोरीकडे जाई. जतकर म्हणाला, "तंबू आहे रे, तंबोरा नव्हे." पण खरं सांगतो, रात्रभर एकही दोरी ढिली पडली नाही.

जेवायला आख्खा मसूर, भाकरी आणि खर्डा. शेगडीवर मसूर शिजायला तास लागला. भांडी जतकरानं घासली आणि ती पाहण्यासारखी गोष्ट होती. सगळी भांडी कोरड्या वाळूनं लखलखीत केली आणि शेवटी चौघांची ताटं मिळून एक तांब्या पाण्यात खळबळली. आम्ही चाळीस लिटरचे कॅन आणले होते, पन्नास पावलांवर विहीर होती. तरी त्याचा हात सैल सुटला नाही.

पावणेदहाच्या सुमारास समुद्र खरंच वर आला. चांदणं लख्ख होतं. संध्याकाळी समोरून तोंडावर येणारा वारा हळूहळू पडला. घटकाभर एक पानही हललं नाही. आणि मग पाठीमागून, डोंगराकडून, गार झुळूक सुरू झाली. शाळेत भूगोलाच्या पेपरात 'खारे वारे आणि मतलई वारे, फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी सोडवला आहे, दोन्हीकडे बाण काढून. जमीन रात्री लवकर थंड होते, समुद्र उशिरा, म्हणून वारा उलटतो. तो उलटताना मानेला कळतो, हे मात्र पेपरात नव्हतं.

झोप कुणालाच लागत नव्हती. तंबूत चार म्हातारे म्हणजे चार दिशांना आठ गुडघे. दहिवर पडून कापड आतून ओलं झालं. अशा अंधारात माणसं बोलतात तसं कोयनेकर बोलला. वडील गेले तेव्हा त्यांच्या कागदपत्रांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या अर्जांच्या प्रती निघाल्या, तारखांनुसार लावलेल्या. सर्वांत जुना त्याच्या जन्माआधीचा. एकाचंही उत्तर त्यात नव्हतं. "मला आज ती खाडी बघायची होती. ज्याच्यासाठी गाव गेलं ते पाणी शेवटी जातं कुठं, एवढंच," म्हणाला. जतकर कुशीवर वळला. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला, "माझं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस." "नाही रे," कोयनेकर म्हणाला. मग बाहेर फक्त लाटा.

सकाळी काकूंनी घावन आणि चहा पाठवला. जतकर विहिरीवर गेला होता, तो परत येईना म्हणून पाहायला गेलो. तो काठावर बसून आत बघत होता. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि विहिरीचं पाणी गोड! वीस फूटही खोल नाही. काकांनी सांगितलं की, पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली खारं पाणी असतं त्याच्यावर हलकं म्हणून तरंगून राहतं. बेतानं उपसलं तर बारा महिने पुरतं, मोठी मोटर लावून ओढलं की खारं होतं. जतकराच्या भावानं शेतात सातशे फुटांचं बोअर मारलंय, त्यातून फुफाटा आला. त्यानं एक पोहरा शेंदला, ओंजळीनं प्याला आणि उरलेलं पाणी अंगावर न घेता माडाच्या आळ्यात नेऊन ओतलं.

जाताना काकांनी कासवाची बातमी सांगितली. २०२३ च्या फेब्रुवारीत या किनाऱ्यावरच्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रं बसवली होती. त्यातली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. म्हणजे आमची कृष्णा जाते तिकडेच की!

पुढचा दिवस सागरी रस्त्याचा. पालशेत, वेळणेश्वर करत हेदवीला साडेदहाला पोहोचायचं, हे आम्ही आता स्वतः ठरवलं. चतुर्दशी, चौदाला पाऊण, साडेदहा. हेदवीला खडकात एक लांब अरुंद चीर आहे, बामणघळ. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि कोंडी झाली की फवारा होऊन वर उसळतं. मुलांना न्यायचं असेल तर खडकाच्या कडेपासून लांब धरून ठेवा. वेळ चुकली तर दिसते ती नुसती भेग. आम्हाला फवारा मिळाला. तवसाळला गाडीसकट फेरीबोटीत चढून शास्त्री नदीची खाडी ओलांडली आणि जयगडला उतरलो. मालगुंडला केशवसुतांचं घर पाहिलं. गणपतीपुळ्याला गर्दी होती, पण सांगलीकरांनी तिथं हात जोडावेत, कारण आपले पटवर्धन या परिसरातले. हरभट मूळचे कोतवड्याचे, पुळ्याच्या गणपतीचे उपासक. ते घाट चढून इचलकरंजीकर घोरपड्यांकडे उपाध्ये झाले आणि पुढं सांगली संस्थान उभं राहिलं. आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून जास्त लिहीत नाही.

रत्नागिरीहून आंबा घाट चढेपर्यंत संध्याकाळ झाली. मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा जतकराचा फोन वाजला. घरून होता. म्हैसाळचं आवर्तन सुटलंय म्हणे.

"ओढ्याला आलं का?"

नव्हतं आलं. मोटारी सुरू झाल्याचं मात्र शेजाऱ्यानं सांगितलं होतं, आज-उद्या येईल. पाटावर रात्री कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर वरचे लोक दार वळवून घेतात. त्यानं चहा अर्धा ठेवला, मागच्या सीटवरची आपली पिशवी पुढं घेतली आणि विचारलं, "कोल्हापुरात जेवायला थांबलंच पाहिजे का रे? मिरजेतनं जतची शेवटची गाडी कितीला आहे?"